मुख्याध्यापक सर, स्लाईड थांबवून एक प्रश्न विचारायला आम्हाला वेळ द्या

राज्यातल्या सगळ्या मुख्याध्यापक आणि संस्थाचालक मंडळींना,

स.न.वि.वि.

मी दहावीला विज्ञान शिकवते. तालुक्याच्या गावातली अनुदानित शाळा, वर्गाचा पट ५२, तास ३५ मिनिटांचा, आणि दोन वर्षांपूर्वी वर्गात टीव्हीसारखा मोठा डिजिटल पॅनल बसला तेव्हापासून आम्ही सगळेच पीपीटी लावून शिकवतोय. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी असा पॅनल लोकवर्गणी काढून, माजी विद्यार्थ्यांना फोन करकरून, कुठल्या कुठल्या निधीच्या मागे लागून आणलाय हे मला माहितेय, आमच्या शाळेत ती धावपळ मी डोळ्यांनी बघितलीये. इतक्या कष्टाने आणलेल्या वस्तूचा पुरता उपयोग व्हावा असं मनापासून वाटतं, म्हणून हे लिहायला बसलेय.

आधी एक तास कसा झाला ते सांगते.

गुरुत्वाकर्षणाचा धडा चालू होता, विज्ञान भाग १ मधला पहिलाच. स्लाईड चांगल्या होत्या, ॲनिमेशन होतं, पृथ्वीभोवती फिरणारं यान होतं, मुलं अगदी शांत बसून बघत होती. शेवटी मी विचारलं, कळलं का रे सगळ्यांना? आणि अख्खा वर्ग एका सुरात, "होऽऽ मॅडम." तो सूर तुम्ही सगळ्यांनी वर्षानुवर्षं ऐकलाय, तुम्हीही वर्गावर शिकवूनच त्या खुर्चीपर्यंत आलात. पूर्वी मी तो सूर ऐकून पुढच्या मुद्द्यावर जायचे. त्या दिवशी पुढच्या स्लाईडवर मी एक प्रश्न टाकून ठेवला होता. अंतराळ स्थानकात अंतराळवीर तरंगतात ते कशामुळे? पर्याय ए, तिथे गुरुत्वाकर्षण नसतं. बी, तिथे हवा नसते. सी, स्थानक आणि आतली माणसं सगळे एकत्रच पृथ्वीकडे पडत असतात. डी, वर गेल्यावर वस्तुमान कमी होतं.

मुलांनी हातातली उत्तराची कार्डं वर धरली (ती कशी असतात ते पुढे सांगते), मी फोनचा कॅमेरा वर्गावरून एकदा फिरवला, आणि कुठल्या उत्तराला किती मतं त्याच्या पट्ट्या पॅनलवर आल्या. हजर मुलं ४९. ए म्हणणारी ३१, बी म्हणणारी ८, डी ४, आणि बरोबर उत्तर देणारी फक्त ६. म्हणजे दोन मिनिटांपूर्वी "हो मॅडम" म्हणणाऱ्या ४९ पैकी ४३ जणांना मी शिकवलेलं पोचलंच नव्हतं, आणि प्रश्न टाकला नसता तर ते मला थेट परीक्षेचे पेपर तपासताना कळलं असतं, तेव्हा कळून उपयोग काय.

उत्तर मी सांगितलं नाही. म्हटलं, शेजाऱ्याशी बोला, त्याला पटवून द्या, दोन मिनिटं. वर्गात जो गोंगाट झाला तो बाहेरून ऐकणाऱ्याला वाटलं असेल मॅडम वर्गात नाहीयेत. तेवढ्यात तिसऱ्या बाकावरची एक मुलगी पुस्तक उघडून उठली, त्याच धड्यात उंचीप्रमाणे जी, म्हणजे गुरुत्वीय त्वरण, किती बदलतो त्याचा तक्ता आहे, त्यात ४०० किलोमीटरच्या पुढे ८.७ लिहिलंय. म्हणाली, "मॅडम, खाली ९.८ आणि तिथं ८.७, मग नसतं कुठं? आहेच की!" मागून एक मुलगा, जो वर्षभरात स्वतःहून फार कधी बोललेला नाही, तो म्हणाला की जत्रेतल्या पाळण्यात वरून खाली येताना जसं पोटात हलकं वाटतं तसलं काहीतरी असंल. पुन्हा कार्डं वर केली. सी म्हणणारी ३४ झाली.

उरलेल्या १५ जणांसाठी दुसऱ्या दिवशी पाण्याची एक रिकामी बाटली घेतली, खालच्या बाजूला खिळ्याने भोक पाडलं, पाणी भरलं आणि भोकावर बोट ठेवून वर्ग व्हरांड्यात नेला. बोट काढलं की धार लागते हे सगळ्यांना दिसलं. मग विचारलं, आता हीच बाटली मी पहिल्या मजल्यावरून सोडून दिली तर पडता पडता धारेचं काय होईल? जोरात येईल, तशीच येईल, कमी होईल, की बंद होईल? आधी मत घेतलं, मगच बाटली सोडली. पडत असताना धार बंद! बाटली आणि पाणी एकत्रच पडत होते, स्थानक आणि आतल्या माणसांसारखे. मुलांनी चार वेळा परत करायला लावलं. आधी मत दिलेलं होतं ना, त्यामुळे प्रत्येकाला स्वतःचं उत्तर बरोबर येतंय का ते बघायचं होतं, नुसता प्रयोग दाखवला असता तर निम्मी मुलं शेजारच्याशी बोलत बसली असती.

या सगळ्याला आमच्याकडचा खर्च सांगते. कार्डं साध्या कागदावर काढलेली आहेत. प्लिकर्स म्हणून एक ॲप आहे, नावच मुळी पेपर क्लिकर्सवरून आलंय. प्रत्येक मुलाला एक कार्ड, त्यावर काळे पांढरे चौकोन, प्रत्येक कार्डाचा नमुना वेगळा, चारही कडांना बारीक अक्षरात ए बी सी डी. मुलाने ज्या उत्तराची कड वर धरली ते फोनला कळतं, आणि अक्षर बारीक असल्याने शेजाऱ्याला चटकन कळत नाही. मुलांकडे फोन लागत नाही, टॅब लागत नाही, बॅटरी लागत नाही, वर्गात मिळून शिक्षकाचा एक फोन. नेहमीचा संच ४० कार्डांचा असतो, आमच्यासारख्या मोठ्या वर्गासाठी ६३ कार्डांचाही आहे, तो साईटवरून फुकट उतरवून घेता येतो. पहिल्यांदा मी झेरॉक्सवाल्याकडून सगळी कार्डं हौसेने चकचकीत लॅमिनेट करून घेतली आणि तिथेच चुकलं, कारण खिडकीकडच्या रांगेतल्या कार्डांवर उजेड चमकायचा आणि फोन ती वाचायचाच नाही. मग जाड कार्डशीटवर परत प्रिंट काढल्या, लॅमिनेशन न करता, त्या अजून चालतायत. अजून एक, मुलं कार्ड धरताना बोटं चौकोनांवर येतात तेव्हाही वाचत नाही, कडेला धरायची सवय लावावी लागते, दोन तासांत लागते.

आपल्याच राज्यात सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले सरांना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला, तो पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणण्याच्या कामासाठी. कागदावर छापलेला कोड आणि एक फोन, एवढ्यावर खेड्यातल्या शाळेत काय होऊ शकतं हे आपल्याला बाहेरून कुणी शिकवायची गरज नाही, ते इथेच झालेलं आहे.

आणि शिकवता शिकवता मध्ये थांबून मत घ्यायची ही पद्धतसुद्धा कुठल्या ॲप कंपनीने काढलेली नाही. हार्वर्डमध्ये एरिक मझूर नावाचे फिजिक्सचे प्राध्यापक आहेत, त्यांचे विद्यार्थी मोठमोठी गणितं सोडवायचे पण न्यूटनच्या नियमावरचा साधा, आकडे नसलेला प्रश्न आला की गडबडायचे. इतक्या नावाजलेल्या ठिकाणी हे होतंय म्हटल्यावर त्यांनी १९९१ पासून लेक्चरची पद्धतच बदलली. थोडं शिकवायचं, एक प्रश्न टाकायचा, प्रत्येकाने एकट्याने उत्तर द्यायचं, मग शेजाऱ्याशी चर्चा, मग परत उत्तर. सुरुवातीला त्यांचंही मशिनांशिवायच चालायचं, बटण दाबून उत्तर द्यायची मशिनं नंतर आली. त्यांच्या अनुभवातून निघालेली एक गोष्ट मला रोज उपयोगी पडते. पहिल्या फेरीत साधारण ३० ते ७० टक्के मुलांचं उत्तर बरोबर आलं तर चर्चेला खरा रंग चढतो, त्याच्या वर गेलं तर प्रश्न सोपा होता, पुढे जायचं, आणि फारच कमी आलं तर चर्चेत वेळ न घालवता आपणच परत समजवायचं. माझ्या त्या तासाला ६ च मुलं बरोबर होती, म्हणजे नियमाने मी परत शिकवायला हवं होतं, पण ती तक्त्यावाली मुलगी उठली आणि वर्ग सावरला.

आता तुम्हाला जे मागायचंय त्याकडे येते.

पहिली गोष्ट पोर्शनची. त्या दिवशी माझ्या शेवटच्या चार स्लाईड राहिल्या, दुसरा तास बाटलीत गेला, आणि महिन्याच्या शेवटी टाचणवहीत, म्हणजे कुठल्या तासाला काय शिकवायचं त्या नोंदीत, मी दोन तास मागे होते. मला विचारलं गेलं, कारण सांगितलं, ऐकून घेतलं गेलं, पण चेहऱ्यावर जे होतं ते होतंच. सर, पीपीटीने एक गोष्ट अशी झालीये की शिकवण्याचा वेग वाढलाय, फळ्यावर लिहिताना आपोआप जो वेळ मुलांना मिळायचा तो गेलाय, बटण दाबलं की पुढची स्लाईड. ४० स्लाईड संपल्या म्हणजे धडा संपला असं आपण धरतो. तसं धरू नका. एका तासाला दोन प्रश्न, त्यांची मिळून दहा मिनिटं, एवढी सूट वेळापत्रकात आणि टाचणात उघडपणे द्या, म्हणजे शिक्षकाला चोरून थांबावं लागणार नाही. तो वेळ फुकट जात नाही याला आधार आहे. २००६ साली रोडिगर आणि कार्पिकी या अमेरिकेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले, काहींनी ते पुन्हा पुन्हा वाचले, काहींनी एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी तपासलं तर वाचणारे पुढे होते. आठवड्याने तपासलं तर आठवून लिहिणारे पुढे. आपली परीक्षा पाच मिनिटांनी नसते, फेब्रुवारी-मार्चमध्ये असते.

दुसरी गोष्ट मार्कांची, आणि इथे मी हात जोडून सांगते. या उत्तरांना मार्क देऊ नका, देऊ देऊ नका. एका ओळखीच्या शाळेत असल्या प्रश्नांचे निकाल मुलांच्या नावासकट पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायला सुरुवात झाली, हेतू चांगलाच होता, पालकांना कळावं. पण आठ दिवसांत मुलं कार्ड वर करण्याआधी हुशार मुलाकडे बघायला लागली. मग पॅनलवर ९० टक्के बरोबर दिसायला लागलं आणि शिक्षकाला कळेना कुणाला काय येत नाही. चुकीचं उत्तर बिनधास्त देता आलं पाहिजे, त्याशिवाय या सगळ्याला अर्थ नाही. त्याच कारणासाठी मी ॲपमध्ये मुलांची नावं टाकतच नाही, फक्त हजेरी नंबर, आणि सगळ्यांची मतं येईपर्यंत पट्ट्या झाकून ठेवते, कारण पट्टी वाढताना दिसली की उरलेली मुलं उंच पट्टीकडेच जातात. आणि कृपा करून याची माहिती भरायची लिंक, याचा मासिक अहवाल, किती पोल घेतले त्याचा तक्ता, हे काढू नका. ज्या दिवशी संख्या मोजाल त्या दिवसापासून शिक्षक "भारताची राजधानी कोणती" असे प्रश्न टाकून संख्या भरतील.

प्रश्न कसा आहे यावर सगळं आहे हो. ॲप कुठलंही घ्या. आणि त्यातही कस लागतो तो चुकीच्या पर्यायांचा. बरोबर उत्तर लिहायला अर्धं मिनिट लागतं, पण बाकीचे तीन पर्याय असे हवेत की मुलाच्या डोक्यात खरोखर जी चूक असते ती तिथे लिहिलेली सापडली पाहिजे. आमच्या सहावीच्या गणिताच्या मॅडमनी विचारलं, ०.५ मोठा की ०.३५? ०.३५ म्हणणाऱ्या मुलांचं डोकं ३५ हे ५ पेक्षा मोठे या हिशोबाने चाललेलं असतं, म्हणजे दशांश चिन्हाच्या पुढची स्थानं त्यांना कळलेलीच नाहीयेत, हे त्या एका प्रश्नातून कळतं. भूगोलाच्या सरांनी विचारलं, उन्हाळा का येतो? पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते म्हणून, असं म्हणणारी ढीगभर मुलं निघाली. मग सरांनी सांगितलं की पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, म्हणजे आपण स्वेटर घालून शाळेत येतो तेव्हा. मुलं नुसती बघत राहिली, आणि त्यानंतर अक्षाच्या कलण्याची स्लाईड लागली तेव्हा ती ऐकायची भूक वर्गात होती. हे प्रश्न आम्ही तिघांनी मिळून स्टाफरूममध्ये बसून काढलेत. दर शनिवारी शाळा सुटल्यावर अर्धा तास विषयाच्या शिक्षकांना एकत्र बसून फक्त प्रश्न काढायला दिलात तर वर्षभरात शाळेची स्वतःची वही तयार होईल, आणि ती बदली होऊन नवीन आलेल्या शिक्षकालाही मिळेल. ट्रेनिंगमध्ये आम्हाला ॲप कसं डाउनलोड करायचं ते दोन दिवस शिकवतात. प्रश्न कसा काढायचा यावर एक तासही नसतो.

तिसरं, फोन. वर्गात शिक्षकाच्या हातात मोबाईल दिसला की तो व्हॉट्सॲप बघतोय असंच धरलं जातं. भेटीला आलेल्या एका साहेबांनी मला वर्गासमोर फोन खाली ठेवायला सांगितलं, मुलांची कार्डं तशीच वर धरलेली होती. मुलांसमोर फार लागलं ते. वर्गात मोबाईलवर बंधन असावं हे मलाही पटतं, पण शिकवण्यासाठी वापरायला तुमची लेखी परवानगी नोटीस बोर्डावर लावलेली असली की कुणालाही दाखवता येते. जमलं तर शाळेचा एक साधा फोन याच कामासाठी ठेवा, विषय मिटला.

नेटचं म्हणाल तर पॅनल माझ्या फोनच्या हॉटस्पॉटवर चालतो, तो डेटा मी माझ्या पैशाने भरते, त्याचं काही नाही. लाईट गेली तर आम्ही बोटांवर करतो, डोळे मिटायचे आणि छातीजवळ एक ते चार बोटं धरायची, नजर फिरवली की अंदाज येतो. म्हणजे अडलं तरी अडत नाही.

ज्यांच्याकडे कॉम्प्युटर लॅब आहे किंवा ज्युनिअर कॉलेजला मुलांच्या हातात फोन चालतो, त्यांच्याकडे पर्याय भरपूर आहेत. पॉवरपॉइंटच्या आतच बसणारं क्लासपॉइंट आहे, गुगल स्लाईड्ससोबत पेअर डेक चालतं, नॉर्वेचं काहूट, स्वीडनचं मेंटीमीटर, आणि २०१५ मध्ये आपल्या बेंगळुरूत सुरू झालेलं क्विझिझ, ज्याचं नाव आता वेग्राउंड झालंय. स्लाईडवर क्यूआर कोड येतो, मुलं स्कॅन करून उत्तर देतात. फुकटच्या प्लॅनमध्ये किती मुलं बसतात ते मात्र आधी बघून घ्या, ऐन तासाला निम्मा वर्ग बाहेर राहतो. काहूटबद्दल माझं एक मत आहे. त्यात जो लवकर उत्तर देतो त्याला जास्त गुण, वर गाणं, वर घड्याळ, मुलं जाम खुश असतात, शेवटच्या दिवशी उजळणीला मस्त. पण नवीन शिकवताना विचार करणाऱ्या मुलाला ते घड्याळ मागे टाकतं, आणि सावकाश विचार करणारं मूल दोनदा मागे पडलं की तिसऱ्यांदा काहीही दाबतं. त्यात गुण बंद करायची सोय आहे, ती वापरा. आणि जुन्या पीपीटीतला मजकूर श्रीलिपी किंवा कृतीदेव या जुन्या फॉन्टमध्ये असेल तर तो या साईटवर पेस्ट केल्यावर काहीच्या काही अक्षरं येतात, प्रश्न युनिकोडमध्येच टाईप करायचे. आमच्या एका सरांचे याच्यापायी अख्खे दोन दिवस गेले.

हे सगळं महागडी सबस्क्रिप्शन घेऊन करा असं मी अजिबात म्हणत नाहीये. विकायला येणारे लोक पॅनलसोबत कंटेंटचं पॅकेज देतात, त्यात तयार क्विझ असतात, मी बघितलेत, बहुतेक प्रश्न धड्यातलं वाक्य उचलून रिकामी जागा केलेले. त्या पैशात सगळ्या वर्गांना पुरतील एवढी कार्डशीटं येतात आणि वर नेटचं बिलही निघतं.

पुढच्या आठवड्यात आमच्याकडे भिंगांचा धडा सुरू होतोय. मेणबत्ती, बहिर्वक्र भिंग आणि पडदा मांडून पडद्यावर ज्योतीची प्रतिमा घेणार आहे, आणि मग मुलांना विचारणार आहे की भिंगाचा वरचा अर्धा भाग मी काळ्या कागदाने झाकला तर पडद्यावर काय दिसेल. अर्धीच ज्योत, पूर्ण ज्योत पण अंधुक, पूर्ण ज्योत पहिल्याइतकीच लख्ख, की काहीच नाही? उत्तर इथे लिहीत नाही. तुमच्या शाळेत भिंग असेल, मेणबत्ती असेल, दुपारी पाच मिनिटं काढून स्टाफरूममध्ये करून बघा, पण झाकण्याआधी प्रत्येकाने आपलं उत्तर कागदावर लिहून ठेवा.

आणि आमच्या मुख्याध्यापक सरांना वेगळं सांगायचंय. सर, मंगळवारी तिसरा तास. शेवटच्या बाकावर जागा ठेवलीये, कार्ड नंबर ५३ तुमचं.

आपली,
दहावी ब ची विज्ञान शिक्षिका